तोडी रागिणीचं चित्र: वसलीपासून मोत्यांपर्यंत

रागमालेचं, म्हणजे राग-रागिण्यांच्या चित्रमालिकेचं, पान रंगवायला घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. पान कोणत्या रागाचं आणि त्याच्या खुणा कोणत्या, हे आधी ठरवावं लागतं. रागमालाचित्रात स्वर दिसत नाहीत, ते शोधायलाही जाऊ नये. चित्रकाराच्या हातात असतं ते रागाचं ध्यान, म्हणजे त्याचं शब्दांतलं रूप: नायक की नायिका, उभी की बसलेली, हातात काय, जवळ कोणता प्राणी, कोणती वेळ. या खुणा नेमक्या आल्या तर वर नाव नसलं तरी जाणकार पान ओळखतो. चुकीची एखादी खूण शिरली, तर चित्र कितीही देखणं असो, ते भलत्याच रागिणीचं होतं.

राजस्थान आणि माळव्यातल्या बहुतेक मालिका 36 पानांच्या आहेत: भैरव, मालकौंस, हिंदोल, दीपक, श्री आणि मेघ हे सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या. पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडच्या, चित्रकारांनी क्षेमकर्ण या पंडिताची 1570 ची मांडणी घेतली. तीत रागांना पुत्रही आहेत, त्यामुळे पानं 80 च्या वर जातात. पहिल्या चित्रासाठी 36 ची मांडणीच धरा, आणि तीतली तोडी घ्या. एक स्त्री, एक वीणा, दोन-तीन हरणं, एखादं झाड, मागे टेकडी. एवढ्यात पान पुरं होतं. मेघ आणि हिंदोल यांत माणसं बरीच लागतात, शिवाय मेघात पाऊस. देसाख मराठी माणसाला मोह पाडेल, कारण तिच्या पानात खांबावर कसरत करणारे पहिलवान असतात आणि आपल्याला सरळ मल्लखांब आठवतो. पण उलटी-सुलटी शरीरं छोट्या मापात काढणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे.

आजच्या गायनाशी चित्राचा ताळा घालू नका. आपल्याकडे मैफलीत गातात ती मियाँ की तोडी; कर्नाटक संगीतातली तोडी आपल्या भैरवी थाटाच्या (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा) स्वरांची. पटमंजरी, ककुभ ही नावं चित्रांत नेहमीची, मैफलीत क्वचित. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी राग-रागिणीची वंशावळ बाजूला ठेवून दहा थाटांची मांडणी केली, तेव्हापासून तर संगीताचा आणि या चित्रांचा संसार वेगळाच झाला. तोडीची ध्वनिमुद्रिका लावून पार्श्वभूमीचा रंग ठरवायला बसलात तर चित्र तुमचं होईल, रागमालेचं नाही.

तोडीच्या खुणा

तोडीचं ध्यान थोडक्यात असं: दहिवरासारखी, कुंदाच्या फुलासारखी उजळ अंगकांती, अंगाला केशर-कापराची उटी, वनाच्या कडेला हाती वीणा घेऊन ती हरणांना रिझवते आहे. बहुतेक पानांत ती एकटी असते, प्रियकर जवळ नसतो, म्हणून विरहिणी म्हणूनही तिच्याकडे पाहतात. नादाला भुललेलं हरीण अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये येतं, त्यामुळे मराठी वाचकाला ते ओळखीचं आहे. तिथे तो नाद पारध्याचा असतो, इथे एका एकाकी बाईचा.

घोटाळा होतो तो शेजारच्या रागिण्यांशी. गुजरीच्या हातातही वीणा असते, पण तिच्यापुढे बहुधा मोर असतो. ककुभेच्या भोवती मोर आणि हातांत दोन हार. आसावरी सावळी, मोरपिसांचा घागरा नेसलेली, चंदनाच्या झाडाखाली खडकावर बसलेली, आणि झाडावरचे साप तिच्याकडे ओढ घेत उतरलेले. मधुमाधवी विजेच्या कडकडाटाला घाबरून घराकडे धावते, तिच्या पानातही मोर. म्हणून तोडीत रिकामी जागा भरायला मोर काढायचा नाही. सापही नाही. जागा भरायचीच असेल तर झाड, वेल, फुलझाडांचे झुबके, खाली पाण्याची पट्टी आणि त्यात कमळं चालतात.

दोन चुका तर नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक चित्रात दिसतात. एक, वीणेच्या जागी सतार किंवा तंबोरा. इथे हवी ती बीन, म्हणजे रुद्रवीणा: सरळ दांडी आणि तिच्या दोन टोकांकडे दोन भोपळे. एक भोपळा डाव्या खांद्यावर, दुसरा उजव्या कमरेपाशी, दांडी छातीवरून तिरपी. सरस्वतीच्या कॅलेंडरमधली कोरीव वीणा ही दक्षिणेची, ती इथे नको. दुसरी चूक म्हणजे ठिपक्यांचं चितळ. जुन्या पानांत बहुतेक वेळा काळवीट असतं: नराची पाठ गडद काळपट तपकिरी, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, शिंगं पिळदार; मादी फिक्या बदामी रंगाची, शिंगांशिवाय. हरणांची मान वीणेकडे वळलेली हवी. ती पानाबाहेर किंवा प्रेक्षकाकडे बघू लागली की नादाचा धागाच तुटतो.

शैली एकच धरा. बनारसजवळच्या चुनारला 1591 मध्ये रंगवलेल्या मालिकेवरून बुंदी-कोट्याची परंपरा निघाली. तिची झाडी दाट, पाणी-पक्षी भरपूर. मेवाडात चावंडची मालिका 1605 ची, चित्रकार साहिबदीनची 1628 ची. तिथे सपाट, तेजस्वी रंगांचे पट्टे आणि वर मजकुरासाठी पिवळी पट्टी. दख्खनची जुनी पानं सोळाव्या शतकाच्या अखेरची. ती अहमदनगरची की विजापूरची यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण हिंदोल रागाचं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं पान बघावं असं आहे. त्याच्या थोडी आधीची अहमदनगरची चित्रं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या पोथीत आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा लघुचित्रांचा संग्रह मोठा आहे. पहिल्या कामासाठी आमची निवड मेवाडची. छाया-प्रकाश कमी, रचना स्पष्ट, आणि सोन्यावाचून अडत नाही. मात्र सपाट रंग सोपा दिसतो, सोपा नसतो. त्यातला प्रत्येक डाग उघडा पडतो.

वसली

वसली म्हणजे खळीने चिकटवलेल्या कागदांचा जाड, घोटलेला थर. चित्र 15 × 20 सेंमी धरलं, भोवती 2.5 सेंमी हाशिया (रंगीत चौकट) आणि हाताळायला आणखी 3 सेंमी कड सोडली, तर कागद 26 × 31 सेंमीचा लागतो. मध्यम जाडीचे हातकागद तीन घ्या. सांगानेरचा कागद चित्रकार वापरतातच. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हातकागदाची जुनी परंपरा आहे. रंगीत फुलं-पानं घातलेला भेटकार्डाचा हातकागद नको, घोटताना त्यातले तंतू उपटून येतात.

खळीसाठी 20 ग्रॅम मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मग एकूण 250 मिली पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. खळ पारदर्शक होऊन चमच्यावरून पातळ लापशीसारखी ओघळू लागली की उतरवा आणि मलमलमधून गाळा. कारखान्यांत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. घालायचंच असेल तर एवढ्या खळीला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि भांडं-चमचा स्वयंपाकाचा नको, ते विष आहे. तांब्याचा क्षार फार झाला तर कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. लवंगेच्या तेलाचे चार-पाच थेंब हा सौम्य पर्याय.

तिन्ही कागद ओल्या फडक्याने हलके दमट करा. कोरड्या कागदाला खळ लावली की तो लगेच फुगतो आणि सुरकुत्या कायमच्या बसतात. पहिल्यावर रुंद ब्रशने खळ लावा, दुसरा ठेवा, मधून कडांकडे तळव्याने हवा काढा, तिसराही तसाच. मग दोन बाजूंना टीपकागद लावून सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवा. टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा, पुढे रोज एकदा बदला. कोरड्या हवेत तीन दिवस पुरतात, कोकणात पावसाळ्यात आठवडाही लागतो. उन्हात वाळवू नका, वसली पापडासारखी वळते. वाळल्यावर नखाने टिचकी मारत जा: पोकळ आवाज आला तिथे हवा राहिली आहे. सुईने भोक पाडून पातळ खळ सोडा आणि पुन्हा दाबा. हा फुगा तसाच राहिला तर घोटाईत फुटतो, आणि तोवर वर रंग चढलेला असतो.

शेवटी संगमरवराच्या लादीवर वसली ठेवून अकीकाच्या घोटणीने दोन्ही बाजू घोटा, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, आधी उभं, मग आडवं. अकीक नसेल तर गुळगुळीत मोठी कवडी चालते. तिरक्या उजेडात सारखी चमक दिसली की थांबा. दमट वसली घोटली तर लव उठते, आणि उठलेली लव पुन्हा बसत नाही.

रंग आणि डिंक

विकतच्या गौश रंगांनी, म्हणजे नळीतल्या अपारदर्शक जलरंगांनी, हे चित्र होतं, त्यात कमीपणा काही नाही. मातीचे रंग स्वतः करायचे तर पाच पुरतात: झिंक ऑक्साइडचा सफेदा, पिवळी रामरज, तांबडी काव, झाडाची नीळ आणि काजळी. कपड्यांना घालायची नीळ ती ही नव्हे. हिरवा रंग नीळ आणि पिवळा मिसळून करा. जुन्या हिरव्यांपैकी जंगाल हा तांब्यापासून केलेला रंग कागद खातो. अनेक जुन्या पानांत नेमकी झाडांची जागाच जळल्यासारखी तपकिरी होऊन तडकली आहे ती त्यामुळे.

हिंगूळ, हरताळ, शेंदूर आणि शिशाचा सफेदा वापरू नका. हिंगुळात पारा, हरताळात सोमल, उरलेल्या दोघांत शिसं. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची जुनी सवय असलेल्यांसाठी हे विशेष. ओढणीच्या आणि हाशियाच्या हिंगुळी लालसाठी तयार गौश घ्या, थोडी काव मिसळली की त्याचा भडकपणा जातो. गोगुली, म्हणजे जुन्या चित्रांतल्या उबदार, पिवळ्यासाठीही तयार नळीच बरी.

मातीचा रंग खलात पाण्याबरोबर अर्धा तास घोटा, भरपूर पाण्यात ढवळा, अर्धं मिनिट थांबून वरचं रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहते ती रेती. हे तीनदा करा, मग गाळ बसू द्या आणि वाळवा. रेती राहिली तर घोटाईत रंगावर ओरखडे उठतात.

बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून मलमलमधून गाळा. 10 ग्रॅम रंगाला आधी 3 मिली डिंकपाणी घाला आणि खलात मळा. मग टाकाऊ कागदावर पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर अर्धा मिली डिंक वाढवा. पट्टा चकाकला किंवा कागद वाकवल्यावर तडकला तर डिंक जास्त झाला, रंगाची पूड घालून सावरा. कावेला डिंक कमी लागतो, काजळीला बराच जास्त. काजळी पाण्यावर तरंगत राहते. तिला आधी नुसत्या डिंकात बोटाने मळून घ्यायचं आणि मग पाणी दाखवायचं. तयार रंग सिंपल्यांत ठेवतात. वाळला तरी थेंबभर पाण्याने उठतो. ओला रंग डबीत भरून ठेवला तर दोन-तीन दिवसांत डिंकाला वास येतो.

ब्रश पूर्वी खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. आज चांगल्या सिंथेटिक केसांचे क्रमांक 4, 1 आणि 000 एवढे तीन बस्स. मुंगसाच्या केसांचा ब्रश कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, त्याचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.

खाका, टिपाई, अस्तर

रेखाटन थेट वसलीवर करू नका, खोडरबराने घोटलेला पृष्ठभाग जातो. साध्या कागदावर खाका पक्का करा. वरची 2.5 सेंमी पट्टी मजकुराची. तिच्याखाली दोन सेंमी आकाश, मग टेकडीची वळणदार कड. नायिका 9 ते 10 सेंमी उंच, मध्यापासून थोडी डावीकडे, उजवीकडे तोंड करून उभी. डोकं उंचीच्या सहाव्या हिश्शाएवढं ठेवा. मेवाडी चेहरे शरीराच्या मानाने मोठेच असतात. चेहरा एकचश्म, म्हणजे पूर्ण बाजूने, पण डोळा मात्र समोरून बघावा तसा, मोठा आणि लांबट. खरा बाजूचा डोळा काढला तर शैलीच मोडते. वीणेची दांडी 8 सेंमी, साधारण 45 अंशांत. दोन हरणं उजवीकडे, एक डावीकडे मागे, खांद्यापाशी 2.5 ते 3 सेंमी उंच. झाडाचा शेंडा पिवळ्या पट्टीत थोडा घुसवलात तर चालतं, जुन्या चित्रकारांची ती लकब आहे.

खाका बटर पेपरवर उतरवा आणि रेषेवर बारीक सुईने भोकं पाडा: चेहऱ्यावर आणि बोटांवर मिलिमीटरभर अंतराने, इतरत्र तीन मिलिमीटरने. पूर्वी यासाठी हरणाचं पातळ कातडं वापरत, त्याला चरबा म्हणत. एक चरबा पिढ्यान्‌पिढ्या चाले. छिद्रित कागद वसलीवर चिकटपट्टीने बसवा आणि कोळशाची बारीक पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून हलकेच थोपटा. चोळायचं नाही. चोळलं की पूड छिद्रांखाली पसरते आणि ठिपक्यांऐवजी ढग मिळतो.

ठिपके पातळ कावेने जोडा, ही पहिली टिपाई. वाळल्यावर कोळसा पिसाने झटका. आता अस्तर: सफेदा दुधाइतका पातळ करून पूर्ण चित्रावर एक हात आडवा, वाळल्यावर एक हात उभा. खालची तांबूस रेषा अंधुक दिसत राहिली पाहिजे. ती दिसेनाशी झाली तर अस्तर जाड झालं आणि पुढे तडे जातील. अस्तरावर दुसरी, पक्की टिपाई. चुका दुरुस्त करायची हीच शेवटची संधी: हाताची बोटं, वीणेवरची पकड, पायांची दिशा इथेच तपासा.

मग पान पालथं संगमरवरावर ठेवून पाठीवरून घोटा. घोटाईने रंगाचे कण दाबून सपाट बसतात, पुढचा रंग सारखा चढतो आणि रेषा अडखळत नाही. डिंकाची परीक्षाही होते: लादीला पांढरं लागलं तर अस्तरात डिंक कमी होता. त्यावर पातळ डिंकपाण्याचा हात देऊ नका, रेषा विरघळते. ओल्या फडक्याने अस्तर उतरवून पुन्हा द्या.

रंग भरणं

आधी मागचं, मग पुढचं. आकाश, टेकडी, झाडीचा गडद पट्टा, झाडाचं खोड, हरणं, वस्त्रं, आणि शेवटी अंग. उलटं केलं तर नायिकेच्या कडेभोवती पार्श्वभूमी भरताना हात कापतो आणि कडेला पांढरी फट उरते.

नायिकेच्या मागे गडद रंगाचा एक सपाट तुकडा ठेवणं ही मेवाडी युक्ती कामाची आहे. उजळ अंगकांती त्याच्यावरच उठते. तोडीत तो गडद हिरवा घ्या, टेकडी रामरजेत, आकाशाला निळीत भरपूर सफेदा. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या. रंग साईइतका दाट, ब्रश भरलेला, आणि ओल्या कडेवर परत फिरायचं नाही. परत फिरलं की डाग पडतो, कारण वरचं पाणी खालचा डिंक उठवतं. थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, दुसऱ्या थरानंतर एकदा आणि तिसऱ्यानंतर एकदा घोटाई. पावसाळी हवेत रंग वरून वाळलेला वाटतो आणि आतून चिकट असतो. लादीला चिकटून खपला निघतो. अशा दिवशी पंख्याखाली तासभर वाट पाहा किंवा घोटाई दुसऱ्या दिवसावर टाका.

अंगासाठी सहा भाग सफेदा, एक भाग रामरज, आणि काव सुईच्या टोकाएवढी. हा रंग एकदाच पुरेसा करून ठेवा. चेहऱ्याचा रंग संपला आणि हात नव्याने कालवलेल्या रंगात रंगवले, तर फरक हातभर अंतरावरूनही दिसतो. ओढणी पारदर्शक दाखवायची तर तिच्याखालची चोळी, वेणी, घागरा आधी पूर्ण रंगवा, त्यावर पाण्यासारखा पातळ सफेदा एकाच हाताने फिरवा, आणि वाळल्यावर काठ व दोन-तीन चुण्या बारीक पांढऱ्या रेषेने ओढा. ओढणी या रेषांनीच दिसते, सफेद्याने नाही.

परदाज आणि रेषा

परदाज म्हणजे बारीक ठिपक्या-रेघांनी दिलेली छाया. मेवाडी पानात तो जपून: गालाखाली, मानेशी, काखेत, हरणाच्या पोटाच्या कडेला, भोपळ्यांच्या गोलाईवर. ब्रश जवळजवळ कोरडा, रंग मूळ रंगापेक्षा एकच पायरी गडद. ठिपका खालचा रंग ओला करण्याआधी उचलला पाहिजे. एका जागी तीनदा ओला ब्रश टेकला की अस्तरापर्यंत खळगा पडतो.

बाह्यरेषेला सगळीकडे काळा वापरणं ही चित्र घालवणारी सवय आहे. अंगाची रेषा कावेची, वस्त्राची त्याच रंगाच्या गडद छटेची, टेकडीची तपकिरी. काळा फक्त केसांना, डोळ्याला, भुवईला, काळविटाच्या शिंगांना. ब्रश उभा धरा, करंगळी टेकवा, आणि हात वळवण्याऐवजी पान फिरवा. हाताखाली स्वच्छ कागद ठेवा, घामाने आणि तेलाने सफेदा डागाळतो. लांब वक्र रेषा एका ओढीत जमली नाही तर मधेच थांबण्यापेक्षा सांध्याच्या जागी, म्हणजे कोपर, कंबर, निऱ्यांचं टोक अशा ठिकाणी तोडा.

वीणेच्या तारा 000 ब्रशने, फिक्या पिवळ्यात, चार पुरेत. मोजून सगळ्या काढायला गेलं की दांडीची जाळी होते. पानांचे झुबके आधी गडद, वर मध्यम, शेवटी फिक्या पिवळट हिरव्याने एकेक पान. डोळ्याची बाहुली सगळ्यात शेवटी, आणि तिची नजर जवळच्या हरणावर.

सोनं, मोती, हाशिया

सोनं ऐच्छिक आहे. वापरायचं तर सोन्याचे खरे वर्ख चिनीमातीच्या बशीत डिंकाच्या दोन थेंबांबरोबर बोटाने तासभर घोटा, पाण्यात सोडा, सोनं तळाशी बसलं की पाणी काढा आणि नव्याने थोडा डिंक घाला. दागिन्यांखाली आधी रामरज लावा, सोनं कमी लागतं आणि उबदार दिसतं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख कालांतराने काळा पडतो. पितळेची सोनेरी पूड हिरवी-काळपट होते. त्यापेक्षा नुसती गोगुली छटेची पिवळी रेघ बरी. पहाडी भागातल्या बशोलीचे चित्रकार पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखांचे चमकते हिरवे तुकडे चिकटवत, पण ती मेवाडची रीत नव्हे.

सगळी घोटाई संपल्यावर मोती-महावर. महावर म्हणजे तळहात आणि पावलांवरचा आळत्याचा लाल. मोत्यांसाठी सफेदा मधासारखा दाट, डिंक थोडा जास्त. ब्रशचं टोक बुडवून थेंब एकदाच टेकवा आणि सरळ वर उचला. थेंब उठावदार वाळतो. दुसऱ्यांदा स्पर्श केला की शिखर बसतं आणि मोत्याऐवजी पांढरा ठिपका उरतो. माळेची रेष आधी हलकी आखून मध्यापासून दोन्ही बाजूंना जा, म्हणजे टोकाला अर्धा मोती उरत नाही. यानंतर पान पालथं घालायचं नाही.

चित्राच्या कडेला काळी बारीक रेघ, एक मिलिमीटर सोडून पिवळी रेघ, मग लाल हाशिया. पिवळ्या पट्टीत काजळीच्या शाईने ‘रागिणी तोडी’ आणि मालिकेतला क्रमांक. ध्यानाचा श्लोक लिहायचा असेल तर आधी त्याच मापाच्या कागदावर लिहून बसतो का ते पाहा. जुन्या पानांतही शेवटची अक्षरं कोंबलेली दिसतात. लेखनिक आणि चित्रकार वेगळे असल्याने नावांची अदलाबदल झालेली पानंही आहेत. म्हणून संग्रहालयात नमुना शोधताना पट्टीवरच्या नावापेक्षा वीणा आणि हरणं बघा.

चित्रावर वॉर्निश, फिक्सेटिव्ह, लॅमिनेशन काहीही नको. डिंकातला रंग त्याने गडद होतो आणि पांढरे मोती पिवळे पडतात. चौकटीत घालताना काच चित्राला टेकू देऊ नका, आम्लरहित माउंट तीन मिलिमीटर जाड घ्या आणि बाहेरच्या ओलसर भिंतीवर टांगू नका.

छिद्रित खाका टाकून देऊ नका. उलटा ठेवून तोच वापरला तर उजवीकडे पाहणारी नायिका डावीकडे पाहते. मात्र वीणाही उलटते, भोपळा उजव्या खांद्यावर येतो. ती तेवढी नव्याने काढावी लागते. हरणांच्या जागी मोर घातला की गुजरीची तयारी झाली. वीणा काढून दोन हातांत दोन हार दिले आणि मोर वाढवले की ककुभा. आसावरी मात्र या खाक्यातून निघत नाही. ती खडकावर बसलेली असते, तिच्यासाठी खाका पहिल्यापासून आखायला लागतो.